मार्दुकाचा पाडवा

वसुधाताई पांढरीपांडे फोनवर ‘हॅलो’ म्हणत नसत. त्यांचा फोन थेट वाक्याच्या मध्यापासून सुरू व्हायचा. “आणि म्हणे आठ मिनिटांत बसवा! अकरा दिवसांचा उत्सव आहे तो!” आपण ऑफिसात, समोर कालपासून न चालणारा प्रोग्रॅम, पाठीशी मॅनेजर, आणि कानात बॅबिलोन. ‘कोण बोलतंय?’ असं विचारायची सोयच नव्हती. अमेरिकेतल्या या फ्रीमाँटमध्ये बॅबिलोनच्या मार्दुक देवाबद्दल इतक्या तावातावाने बोलणारं दुसरं कोण असणार?

आमची टाउनहाउसं एका भिंतीची. २००१ साली, आजूबाजूला जो तो नोकरी गमावत असताना, प्रकाशराव पांढरीपांडे नागपूरहून डेटाबेसचं काम घेऊन आले, आणि कॉलेजातली नोकरी सोडून वसुधाताई त्यांच्यामागून आल्या. तिथे त्या प्राचीन इतिहास शिकवायच्या. नागपूरच्या बाईला बॅबिलोन कुठे भेटलं, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, “लायब्ररीत. आणखी कुठे भेटणार?” आणि मी काहीतरी अडाणी बोललोय अशा नजरेने माझ्याकडे बघत राहिल्या.

नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला इथे राहता येतं, गाडी चालवता येते, दुकानं पालथी घालता येतात. काम करता येत नाही. फुकट केलेलं चालतं. हा नियम आमच्या गल्लीतल्या बऱ्याच बायकांनी गिळला होता. कुणी बागकाम काढलं, कुणी मुलांच्या क्लासांच्या फेऱ्या. वसुधाताईंना तो गिळता आला नाही. बॅबिलोनजवळच्या सिप्पर नावाच्या गावात नदितू म्हणून बायका असत, देवाला वाहिलेल्या. त्यांना मुलं होऊ द्यायची नाहीत असा दंडक होता, पण त्या शेतं विकत घेत, घरं भाड्याने देत आणि व्यवहारावर स्वतःची मोहोर उमटवत. “जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वी!” वसुधाताई आमच्या किचनच्या काउंटरवर बोट आपटत म्हणायच्या. “आणि मला इथे कुणी झाडू मारायचेही पैसे देऊ शकत नाही. सांग मिलिंद, पुढे गेलो का मागे?”

माझ्या बायकोने चहा पुढे केला. चहा घेऊन त्या नदितूंच्या वारसाहक्काकडे वळल्या.

कुठलाही विषय काढा, त्या दोन वाक्यांत युफ्रेटिसच्या काठावर असत. घरचा नैवेद्य बघितला की, “त्यांचाही देव सकाळ-संध्याकाळ जेवायचा रे. ताट मागे आलं की राजाच्या पुढ्यात जायचं.” कुणाचं काम बिनसलं की, “त्याचा देव रुसून गेला असेल. प्रत्येकाचा स्वतःचा एक देव असायचा, लहानसा, घरगुती. आणि तो कंटाळून निघूनही जायचा. मग माणसाला काही म्हणजे काही जमायचं नाही.” हे मात्र मला पटायचं. त्या काळात आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांचे देव निघून गेलेले होते.

त्यांच्या बाथरूमचं छत गळायला लागलं तेव्हाची गोष्ट. सोसायटीचा मॅनेजर, चांगला उंचापुरा अमेरिकन माणूस, तिसऱ्यांदा येऊन ‘बघतो’ म्हणून निघाला. वसुधाताईंनी त्याला दारात गाठलं आणि हम्मुराबीचा कायदा ऐकवला. भिंत कलली तर बांधणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने ती पुन्हा बांधावी. घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला ठार करावं.

“मॅडम, तुम्ही मला धमकी देताय का?” त्याने विचारलं.

“नाही, मी तुम्हाला हिस्ट्री सांगतेय,” वसुधाताई म्हणाल्या.

छत पुढे आणखी वर्षभर गळलं. आमच्याही बाजूने. त्यानंतर सोसायटीला फोन करायचं काम माझ्याकडे आलं, आणि माझं नाव सांगितलं की मॅनेजर आधी विचारायचा, “तुम्ही त्या लेडीच्या शेजारचे ना?”

इथल्या मराठी मंडळाची रविवारची शाळा हा त्यांचा एकुलता एक वर्ग. भाड्याने घेतलेली एक खोली, तासभर वेळ, आणि आठवडाभर इंग्रजीत वावरून रविवारी जबरदस्तीने आणून बसवलेली मुलं. माझी रियाही त्यातच. वर्गात बाराखडी शिकवायची एवढीच अपेक्षा होती. वसुधाताईंनी पहिल्याच महिन्यात मातीचा गोळा आणला. आइसक्रीमच्या काडीचं टोक कापून मुलांच्या हातात दिलं आणि ओल्या मातीवर ‘क’ उमटवायला लावला. बॅबिलोनची मुलं अशीच शिकायची, चुकलं की अंगठ्याने पुसायची, मास्तर छडी मारायचे, हे सगळं त्या रंगवून सांगत. आधी ‘आय हेट मराठी स्कूल’ म्हणून गाडीत रडणारी रिया रविवारी स्वतःहून बूट घालून दारात उभी राहायला लागली.

वर्गातल्या वसुधाताई निराळ्या होत्या, हे कबूल केलं पाहिजे. एरवी सतत कुरकुरणारी ही बाई तिथे कुरकुरत नसे. आवाज खाली यायचा. कोपरापर्यंत माती, पदर खोचलेला, एखाद्या पोराच्या शेजारी जमिनीवर बसून त्या त्याच्या वेड्यावाकड्या ‘ख’कडे असं बघत की जणू तो नुकताच उत्खननात सापडला आहे. परत येताना गाडीत त्या गप्प असायच्या. आठवड्यातली तेवढी एकच वेळ.

त्या गाडीचं वेगळंच दुखणं. वसुधाताईंना ड्रायव्हिंग येत होतं, पण फ्रीवेची भीती होती. स्वतः चालवायच्या नाहीतच, शेजारी बसूनही चालायचं नाही. म्हणून दर रविवारी मी आतल्या रस्त्याने, प्रत्येक सिग्नलला थांबत, दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लावत त्यांना न्यायचो. वाटेत टेकडीवरची मोठी घरं दिसायची. त्यातलं एक सबनीसांचं, म्हणजे आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचं. ते दिसलं की वसुधाताई हमखास म्हणायच्या, “त्यांच्या शकुनांच्या पाट्यांत पहिलंच वाक्य आहे. शहर उंचावर वसवलं तर तिथली माणसं सुखी राहत नाहीत.”

२००३ च्या वसंतात इराकवर बॉम्ब पडायला लागले. वसुधाताई टीव्हीसमोरून उठत नव्हत्या. बगदादचं संग्रहालय लुटलं गेल्याची बातमी आली त्या दिवशी प्रकाशराव आमच्याकडे जेवायला आले, एकटेच. “ती बोलत नाहीये,” ते म्हणाले. वसुधाताई बोलत नाहीत म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बायकोने डबा भरून दिला. तो दुसऱ्या दिवशी तसाच परत आला.

रविवारी वर्गात एका मुलाने विचारलं, “मावशी, दे आर द बॅड गाइज, राइट?” त्यांनी नकाशा काढला आणि टीव्हीवरच्या शहरापासून बॅबिलोन किती जवळ आहे ते दाखवलं. “तुम्ही जिथून लिहायला शिकलात ना, ते हे गाव,” असं म्हणाल्या. बस, एवढंच. संध्याकाळी तीन आयांचे फोन सबनीसांना गेले. शाळेत राजकारण शिकवतात. एकीने हेही ऐकवलं की बाईंना स्वतःचं मूल नाही, त्यांना काय कळणार मुलांना काय सांगावं ते. हे वसुधाताईंपर्यंत पोचवायचं मी टाळलं. कुणीतरी पोचवलंच.

पुढच्या वर्षीच्या पाडव्याला त्यांनी नाटुकलं बसवायचं ठरवलं. बॅबिलोनचाही नवा वर्षारंभ वसंतातला, आपल्या चैत्राच्या आसपासचा. अकिटू त्याचं नाव. त्या उत्सवात राजा मार्दुकाच्या देवळात जायचा. पुजारी त्याचा राजदंड, अंगठी, मुकुट सगळं काढून घ्यायचा आणि त्याच्या थोबाडीत मारायचा. मग कान धरून देवापुढे गुडघ्यावर बसवायचा. राजाने म्हणायचं, मी शहराकडे दुर्लक्ष केलं नाही, माझ्या आश्रयाला असलेल्यांच्या गालावर मारलं नाही. मग मुकुट परत. मग पुन्हा एक थप्पड, आणि राजाच्या डोळ्यांत पाणी आलं तर देव प्रसन्न, वर्ष चांगलं.

“वर्षातून एकदा तरी राजाला विचारायला नको?” त्या म्हणाल्या. हा प्रश्न टीव्हीवरच्या कुठल्या राजाबद्दल होता ते मला कळत होतं, पण मी यादीत नुसतं ‘नाटुकलं’ लिहून घेतलं. मंडळाच्या कार्यक्रमांचं काम त्या वर्षी माझ्या गळ्यात होतं.

राजाचं काम सबनीसांनी स्वतः मागून घेतलं. भला माणूस, पण माइक दिसला की सोडवत नसे, आणि वसुधाताईंनी पुठ्ठ्याचा, सोनेरी कागद लावलेला हातभर उंच मुकुट केलाय हे त्यांच्या कानावर गेलं होतं. संहिता त्यांना पाठवली होती. ती त्यांनी वाचली नाही. तालमीला एकदाच आले, मुकुट घालून फोटो काढला आणि “बाकी आयत्या वेळी बघू” म्हणून गेले. मी वसुधाताईंना सांगितलं, “अहो, त्यांना थपडेचं एकदा तोंडी सांगा.” त्या म्हणाल्या, “लिहून दिलंय ना? मग मी काय वाचून दाखवून राहू?”

पुजारी होती रिया. तेव्हा चौथीत. हॉल गच्च भरला होता, पुढच्या रांगेत शहराच्या कौन्सिलवरचे एक पाहुणे बसले होते. सबनीस ऐटीत आले, टाळ्या झाल्या. रियाने दंड घेतला, अंगठी घेतली, टाचा उंचावून मुकुट काढला. सबनीस हसतच होते. मग तिने हळूच चापट मारली. ते आणखी हसले. रियाने विंगेकडे पाहिलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बट मावशी, ही इज नॉट क्राइंग!”

विंगेतून वसुधाताईंचा आवाज आला, “नीट मार.”

तिने नीट मारली. सबनीसांचा चष्मा उडाला. आणि रियाने लगेच पाठ केलेला प्रश्न विचारला, “तू तुझ्या शहराची काळजी घेतलीस का?” सबनीसांना उत्तर माहीत नव्हतं, कारण संहिता वाचलीच नव्हती. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “दर वेळी वडे कसे संपतात ते विचार!” दुसरा म्हणाला, “पार्किंगचं काय झालं?” तिसऱ्याने मंडळाच्या निवडणुकीचंच काढलं. तीन वर्षं साठलेलं सगळं बाहेर पडायला लागलं. कौन्सिलवाले पाहुणे हा कार्यक्रमाचा भाग समजून टाळ्या वाजवत होते. सबनीसांचा चेहरा लाल झाला, आणि खरोखरच डोळे भरले.

“आलं पाणी!” वसुधाताई विंगेतून हर्षाने ओरडल्या. “वर्ष चांगलं जाणार!”

कुणीतरी पडदा ओढला.

मंगळवारी मंडळाची तातडीची बैठक झाली आणि वसुधाताईंचा वर्ग काढून घेतला गेला. माफी मागितली तर पुन्हा विचार करू, असा निरोप माझ्यामार्फत. मी तो दिला तेव्हा त्या भाजी चिरत होत्या. त्यांना अपमानाचं काही नव्हतं, त्यांना भलतंच लागलं होतं. “पडदा का पाडला? मुकुट परत द्यायचा राहिला ना! अरे, त्यासाठी तर सगळं असतं. राज्य परत मिळतं त्याला. विधी अर्धा राहिला.”

“वसुधाताई, एक सॉरी म्हणून टाका. वर्ग परत मिळेल.”

“सॉरी कशाचं? मी कुठे मारलं? विधी आहे तो.”

हे असं चार वर्षं चाललं. सबनीस म्हणायचे, “एक शब्द बोलू दे तिला, उद्यापासून वर्ग तिचा.” वसुधाताई म्हणायच्या, “एकदा म्हणू दे त्यांना की संहिता वाचली नव्हती.” आणि मी मध्ये, दोन्हीकडची बोलणी खात. मला दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटायचं. एका शब्दाने सुटणारी गाठ, आणि दोघांचेही हात खिशात. वर्गात दुसऱ्या बाई आल्या. झेरॉक्सचे कागद आले. रिया पुन्हा गाडीत रडायला लागली, आणि नंतर तर तिने जायचंच सोडलं. प्रकाशरावांचा ग्रीन कार्डचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर पडून होता. तो हलला की वसुधाताईंना कुठल्याशा कॉलेजात शिकवता आलं असतं. तो हलला नाही. सोनेरी मुकुट त्यांच्या दिवाणखान्यात टीव्हीवर बसून होता. कुणी हलवलेला त्यांना चालायचा नाही.

मध्ये एकदा रियाच्या शाळेत त्यांना बोलवायचा घाट मीच घातला. इथे सहावीला मेसोपोटेमिया असतो, पालक पाहुणे म्हणून येऊन बोलतात, तेवढंच त्यांना बरं वाटेल असा माझा भाबडा हिशेब. भिंतीवर मुलांनी बॅबिलोनच्या झुलत्या बागा केल्या होत्या, प्लॅस्टिकच्या वेली लोंबकळवून. वसुधाताईंनी पहिलं वाक्य टाकलं, की या बागांचा उल्लेख बॅबिलोनच्या एकाही पाटीवर सापडलेला नाही. शिक्षिका गोड हसली. पुढच्या परीक्षेत रियाने तेच लिहिलं आणि तिचं उत्तर चुकलं. “शी वॉज राइट, बाबा,” रिया मला म्हणाली, “बट नोबडी वॉन्ट्स इट.” अकरा-बारा वर्षांच्या पोरीने इतकं बरोबर बोलू नये असं मला वाटलं.

२००८ च्या शेवटी प्रकाशरावांची नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि टेबलावर पडलेला तो अर्जही गेला. सामान विकणं, गाडी विकणं, सगळं घाईत. निघण्याच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी वसुधाताई हातात मुकुट घेऊन आमच्या दारात. “चल, सबनीसांकडे जायचंय.”

मी नेहमीच्या रस्त्याला वळायला लागलो तर म्हणाल्या, “फ्रीवेने घे. वेळ नाहीये.” सगळा रस्ता त्या दाराचं हँडल घट्ट धरून, डोळे मिटून बसल्या होत्या. मुकुट मांडीवर.

दार सबनीसांनीच उघडलं. अध्यक्षपद केव्हाच गेलं होतं. अंगात जुना स्वेटर, घर एवढं मोठं आणि दिवा एकाच खोलीत. वसुधाताईंना बघून ते गोंधळले, आणि त्या तोंड उघडायच्या आत घाईघाईने म्हणाले, “वसुधाताई, तुम्ही वर्ग घ्या. मी कमिटीशी बोलतो. ते माफीचं वगैरे राहू द्या. मी तेव्हा ते वाचलंच नव्हतं हो.”

मला तिथल्या तिथे कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. चार वर्षं!

“आमचं सोमवारचं विमान आहे,” वसुधाताई म्हणाल्या.

सबनीसांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते चौकट धरून उभे राहिले. वसुधाताईंनी त्यांना वाकायची खूण केली. ते वाकले. वसुधाताईंनी मुकुट त्यांच्या डोक्यावर ठेवला, नीट, दोन्ही हातांनी, एका बाजूला सुटलेला कागद बोटाने दाबून बसवला. मग थांबल्या. विधीत आता दुसरी थप्पड होती. सबनीसांनी या खेपेला वाचलेलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि गाल पुढे केला.

“मारा,” ते म्हणाले. “नीट.”

वसुधाताईंचा हात वर गेला आणि त्यांच्या गालाला नुसता टेकला. तिथेच राहिला. डोळे दोघांचेही भरले होते. मी रस्त्याकडे बघायला लागलो.

“सोमवारी विमान ना?” चष्मा परत लावत सबनीस म्हणाले. “मग मध्ये रविवार आहे.”

त्या रविवारी मी त्यांना वर्गावर सोडलं. मुलं सगळी नवी होती, त्यांना ओळखणारं एकही नव्हतं. रिया मात्र आपणहून आली होती, पंधरवड्यापूर्वी घेतलेल्या चांगल्या कपड्यांत, माती कालवायला. तास संपल्यावर मी दार ढकललं तर जमिनीवर वर्तमानपत्रं, त्यावर मातीच्या ओल्या पाट्या, आणि वसुधाताई पदर खोचून एका लहान मुलीच्या शेजारी बसलेल्या. तिचा ‘क’ पोटाशी फुटला होता. त्यांनी तिचा अंगठा हातात घेतला, माती सपाट केली आणि काडी पुन्हा तिच्या बोटांत दिली. बाहेर पुढच्या कार्यक्रमाची माणसं खुर्च्या घेऊन उभी होती.

“वसुधाताई, वेळ झाली,” मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं नाही. मातीने भरलेला हात माझ्या दिशेने नुसता उचलला.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. “हिचं अजून झालं नाही.”